अंगावरचा घाम

नाही, अशी दारातून परतू नको, शकुबाई — आली तं पाहून जा. घे, मान पाह्य, काख पाह्य, कमरेची ही लाल पट्टी पाह्य. याले माता आली, देवीचे फोड आले म्हणतेत काय? माता आली तं ताप येते, माणूस खाटेले लागते — मी तं आताच चादरी धुवून उठली! आणि मी, या शेवंतानं, नळावर पाणी भराले येऊ नये, हे सांगाले नळावरच्या बायाईनं तुले पाठवलं? कावून? त्याईच्या तोंडात जिभा नाहीत? सांग त्याईले, घामोळ्या आहेत म्हणावं. शेवंता येईन, घागर भरन, आणि जाईन.

घाम कशाचा? — विचारशीनच, मले माहीत होतं. डंड मारतो मी. बैठका मारतो. हो, बाई माणूस! माझा नवरा टिकाराम कारखान्यात भट्टीवर ड्यूटीले गेला का मागची खोली लावून घेतो आणि सुरू. माझा बाप, लहानू पैलवान, साकोलीकडं त्याचा आखाडा होता — पोरगा नाही म्हणून त्यानं मलेच मातीत उतरवलं. लगन झालं, सुटलं. संकरातीपासून पुन्हा धरलं. कावून म्हणजे? असंच. अंग जड झालं होतं. असंच.

पण काय झालं — घट्ट पोलकं, त्यावर नऊवारी लुगडं, आणि बापाची सवय म्हणून अंगाले तेल चोपडून मी डंड मारो. मंग त्याच ओल्या पोलक्यात चुलीपुढं बसो. भिलाईचा उन्हाळा तं तू पाहूनच राहिली! चामडी पेटली. मिरची चोळल्यासारखी आग, खाजवून खाजवून रगत. तुझ्या सासूनं सांगितलं म्हणून झाडफूक करणाऱ्या बैगाची राख लावली — तं आणखीनच चिडलं. मंग गेली दवाखान्यात. तिथली मलबारी नर्स — तिले मराठी येत नाही, तिची हिंदी मले अर्धीच समजते — पण तेलकट पोलकं पाहून तिनं कपाळाले हात लावला. म्हणे, तेल बंद. पसीना आया तो धोओ, पोंछो, सूखने दो, ढीला कपडा पहनो. तेच करून राहिली. पाठ साफ झाली, पाह्य. म्हणून टिकारामची जुनी बंडी घालतो — धुवून धुवून मऊ झालेली, हवा लागते. त्या मागच्या घरच्या पंचफुलानं खिडकीतून तेच पाहिलं न? बंडीतली बाई? पाहू दे. पुन्हा ये म्हणावं, पोटभर पाह्य.

डंडच बंद कर म्हणतेस? हो, घामोळ्या जातीन. पण मंग तो — जाऊ दे. जाऊ दे म्हटलं न.

बरं, ऐक. भिंत एकच आहे आपली, तुले आवाज येत नाही असं म्हणू नको. दारू पेत नाही तो. भाजी खारट झाली, का फोरमन बोलला — उठला हात. आणि मी, लहानू पैलवानाची पोरगी, भिंतीले टेकून उभी! दंडात जोरच उरला नव्हता वं. परवा त्यानं हात उचलला, तं मी मनगट धरलं. मारलं नाही हां — नुसतं धरलं. त्यानं ओढलं, सुटेना. पुन्हा ओढलं, सुटेना. माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला — जशी भलतीच बाई त्याच्या घरात घुसली. मंग हळूच म्हणे, "शेवंता, सोड वं, दुखून राहिलं." सोडलं. ताट वाढलं. जेवला.

भेव? लागते न. रात्रभर डोळ्याले डोळा नव्हता लागला. उद्या काय करन, कोणाले ठाऊक? म्हणून तं सोडत नाही मी. खाजलं तं खाजू दे, आग झाली तं होऊ दे — चामडीची आग पाण्यानं जाते, शकुबाई.

कोण? — तोच. सायकल टेकवून राहिला. बस, बस, उठतेस कायले? दोन बाया बोलत बसल्या तं त्यानं उभं राहावं थोडं बाहेर. नाही बसत? बरं, जा मंग. — इकून नाही! मागच्या दारानं कायले? माझ्या घरी आली होती, चोरी नाही केली. पुढच्या दारानं जा. त्याच्या समोरून जा.