बाळाच्या हाताची पट्टी

हसू नका रे, खरीच गोष्ट आहे. गिरणी बंद पडल्यावर आमचा बाळा मुलुंडला माझ्याच कारखान्यात लागला. धडधडत्या प्रेसखाली बेधडक हात घालायचा पठ्ठ्या. पण त्याला मुकादम केलं आणि वाट लागली. शिफ्ट संपली की दिवसभरात काय काम झालं, ते मुकादमाने स्वतः लिहून द्यायचं ना!

"माका घाम फुटता रे," तो म्हणाला. "पेन बघून माझो हात कापता."

पहिल्याच दिवशी गडी उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधून हजर. लागलं वगैरे काही नव्हतं. मला म्हणतो, "आता कोण लिवक सांगता?"

संध्याकाळी साहेब आले. पट्टी बघून दचकलेच. "कामावर लागलं?"

घाबरून बाळा 'हो' म्हणून बसला.

"मग कसं लागलं, ते सगळं सविस्तर लिहून दे. अपघात झाला की नियमच आहे."

"साहेब, पण हात..."

"डाव्याने लिही. वाकडंतिकडं चालेल."

साहेबांनी कोरा कागद पुढे ठेवला. बाळा पांढराफटक पडला. माझ्या कानाशी लागून पुटपुटला, "दुसरो हातपण बांधूक व्हयो होतो रे."