आधी शहर, मग माझी गल्ली

बसा हो, बसा, उभे का — आई आवरतेय आत, तिचं आवरणं म्हणजे आधीच सावकाश, त्यात आता पाय असा, म्हणजे विचारूच नका. गाडी कुठे लावलीत? कोपऱ्यावर? शहाणे आहात, आत आणली असतीत तर बाहेर काढायला क्रेन लागली असती — हसा, हसा, महापौरांच्या घरात हसायला बंदी नाही. ताईनं पाठवलंय ना तुम्हाला? मोठी बहीण माझी. बघा म्हणजे, सख्खा भाऊ दुसऱ्यांदा महापौर झाला, तर अभिनंदन राहिलं बाजूला — फोनवर काय, तर गाडी येतेय, आईला तयार ठेव. ठेवला फोन. असो, घरचं कौतुक कुणाच्या नशिबात असतं? माझ्या तर नाहीच. चहा घेणार? घ्याच. अगं, दोन चहा टाक गं — आणि सावकाश टाक, पाहुण्यांना घाई नाहीये.

तर गल्ली. बघितलीत ना येताना? लोकांना वाटतं महापौराची गल्ली म्हणजे गुळगुळीत असणार, दोन्ही बाजूंना कुंड्या, दिवे, आणि इथे येऊन बघतात तर गल्लीत खड्डे की खड्ड्यांत गल्ली तेच कळत नाही — तिथेच माणूस गार होतो. का? कारण असा पुढारी त्यानं पाहिलेलाच नसतो. आजवर जो खुर्चीत बसला त्यानं पहिलं डांबर स्वतःच्या दारात ओतलं. आणि मी? मी पहिल्याच सभेत सांगून टाकलं — आधी शहर, मग माझी गल्ली. अशा टाळ्या पडल्या म्हणता! खरं सांगायचं तर ते भाषणात नव्हतंच, तोंडातून निघून गेलं, पण टाळ्या पडल्यावर शब्द तो शब्द, मागे घेता येतो का? नाही. सगळ्या रस्त्यांची क्रमवारी लावली, आमची गल्ली तळाला. गेल्या वर्षी इंजिनियर आला फाइल घेऊन, म्हणाला, साहेब, शहर आटपलं, आता फक्त तुमची गल्ली राहिली. तो बिचारा खुशीत, पण गल्ली झाली तर पुढच्या सभेत मी बोलू काय? मग काय केलं? हद्दवाढ केली. पलीकडची गावं शहरात घेतली, त्यांचे रस्ते आधी, आमची गल्ली पुन्हा तळाला. विरोधकसुद्धा म्हणाले, माणसाला दूरदृष्टी आहे.

आता ही नवी मुदत. सोमवारी शपथ, लगेच नव्या सभागृहाची पहिली बैठक, आणि मी सांगतो तुम्हाला, कामांचा धडाका लावणार आहे. चौकात कारंजं — पाण्याचं बघू नंतर, आधी कारंजं. सभागृहात नव्या खुर्च्या, गोल फिरणाऱ्या, म्हणजे नगरसेवकांना पक्ष बदलायचा तर उठायचे कष्ट नकोत — हा विनोद हं, बाहेर बोलू नका. आणि आणखी एक हद्दवाढ मनात आहे, नदीपलीकडची. तेही बाहेर बोलू नका.

पाय? नाही, नाही, तसं काही नाही, घसरली ती. समोर घड्याळवाल्याचं दुकान दिसतं ना, तिथे निघाली होती घड्याळ घेऊन, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि गेली खड्ड्यात, खुब्याचं हाड. त्या घड्याळवाल्यानंच उचलली. मी प्रचारात. निरोप आला तसा धावलो — तसा म्हणजे, वाटेत फोटोग्राफरला घेतलं, त्याचं घर वाटेवरच आहे, वाकडी वाट केली असं नाही. आणि मला सांगा, त्यात चूक काय? दुसऱ्या पुढाऱ्याची आई पडली असती तर त्यानं लपवलं असतं. मी लपवलं नाही. रात्रीत फलक छापले, आई खाटेवर, मी उशाशी, वर अक्षरं — माझी आईसुद्धा सामान्य नागरिकच. वारं फिरलं हो. खोटं कशाला बोलू, तोवर मी हरत होतो, चांगलाच हरत होतो.

आता तिला विचारून फोटो काढायला हवा होता हे म्हणणं ठीक आहे, पण ती गुंगीत, विचारणार कुणाला? घरी आणली तर कार्यकर्त्यांनी नेमका एक फलक खिडकीसमोरच बांधलेला. मी म्हटलं, बघ आई, सगळ्या शहरात तू. चष्मा लावून बघितलं तिनं. मग म्हणाली, कवळी नाहीये माझी तोंडात. बस, एवढंच. तोंड उघडं पडलं होतं ना झोपेत — माझ्या लक्षात नाही आलं, फोटोग्राफरच्या नाही आलं, कुणाच्याच नाही. ती कवळी लावल्याशिवाय सुनेसमोरसुद्धा येत नाही. त्यानंतर माझ्याशी बोलली ती एकदाच.

मतमोजणीचं सांगू? सगळं शहर माझ्यामागे, आणि आमच्या गल्लीच्या पेटीत मला मत किती? एक. आता ते तर मीच दिलेलं. आणि आमची ही म्हणते, मी तुम्हालाच दिलं. बरं बाई, तू दिलंस, मग माझं कुठे गेलं? आईला विचारायची मात्र माझी छाती झाली नाही.

एकदाच काय बोलली? म्हणाली, गल्ली कर, मी राहते. नाहीतर लेकीकडे जाते, दारात पाऊल टाकायची भीती वाटते मला. आता तुम्हीही तसेच बघताय — मग करा की, काय अवघड आहे? अवघड काहीच नाही. खडी नाक्यावर पडलीय, रोलर उभा आहे, मी नुसतं हूं म्हटलं की संध्याकाळपर्यंत गल्ली तयार. पण मग मी कोण? स्वतःची गल्ली करून घेणारा महापौर — असे गल्लोगल्ली पडलेत. लोकांनी मत कशाला दिलं, सांगा ना. कारंज्याला?

नाही, पण ती हवी आहे मला. रात्री मी आलो की आतून खोकते, आलास का असं विचारत नाही, नुसतं खोकते, आणि मग मला झोप लागते. आणि सोमवारी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिच्यासाठी ठेवलीय, ती रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील? असं करा ना, ताईला फोन करा, गाडी बिघडली म्हणावं. सोमवारपर्यंत. नाही? बरं, मग चहा तरी होऊ द्या, उठू नका हो — कुणाची वाट बघतोय? कुणाची नाही. बरं, बघतोय. फोटोग्राफर येतोय. जाणारच आहे ती, तर निदान — कल्पना करा, आई खुर्चीत, आणि खुद्द महापौर या खड्ड्यांतून तिला उचलून नेतोय कोपऱ्यापर्यंत. एका बाजूला मी, दुसरी बाजू तुम्ही धरा, जरा वाकून धरा म्हणजे आड येणार नाही. या खेपेला कवळी लावलीय तिनं, मी बघून आलो —

आई. कधी आलीस बाहेर, वॉकर घेऊन? नाही, काही नाही, यांना जरा गल्लीचं सांगत होतो. बस तू खुर्चीत, मी उचलतो — त्याला कशाला हाक मारतेस? दुकान टाकून कशाला यायला हवंय त्यानं, मी आहे ना इथे. आई. अगं, हात तरी लावू दे. बरं. बरं, नाही लावत. या, घड्याळवाले, धरा ती बाजू, आणि अहो, तुम्ही ही. सांभाळून, डावीकडे तो मोठा — पाणी भरलंय, कळत नाही — हो, तिला माहीत आहे, तिला ठाऊक आहे तो. आई, सोमवारी... आई, पोचल्यावर फोन कर.

आलास? आता आलास होय रे तू? नको. म्हटलं ना नको, ठेव तो कॅमेरा आत. निघ इथून. काढायचा नाहीये फोटो. त्यात मी नाहीये.