थंड रक्ताचं स्थळ

नाही, पण विचारलं किती आणि सांगायचं किती, याला काही माप आहे की नाही? तुम्हाला सांगतो, आमचे नाशिक रोडचे शेजारी वाल्मीकभाऊ, पोरीचं एकदा जमावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेले, आणि पिंपळगाव बसवंतहून पाहुणे आले, द्राक्षवाले, मुलगा महेश आणि त्याची आई फुलाबाई... पोह्यांच्या बशा फिरल्या, लेकाच्या पोह्यांवर लिंबू पिळता पिळता फुलाबाई सहज म्हणाल्या, "सायली, काय शिकलीस गं?" आता एम.एस्सी. म्हणावं आणि गप्प बसावं. पण नाही. "सरपटणारे प्राणी," म्हणाली. "म्हंजी?" फुलाबाईंनी विचारलं, आणि तिथंच घात झाला.

"म्हणजे साप, पाली, सरडे, कासवं, मगरी. अंगावर खवले, श्वास फुप्फुसांनी, मगर पाण्यात राहते तरी श्वासाला वर येते..." वाल्मीकभाऊ खोकले. परत खोकले. पोरगी कुठली थांबते? "थंड रक्ताचे म्हणतात, पण तसं नाही काकू, त्यांना अंगची ऊब नसते, उन्हात बसले की तापतात, थंडीत गारठून पडून राहतात."

"आमचा महेश बी तसाच," फुलाबाई खूश, "डिसेंबरात ऊन अंगावर येईस्तोवर हालत नाय."

चला, जमतंय, भाऊंना वाटलं. इथं तरी थांबावं की नाही? विचारलं किती, सांगायचं किती?

"आणि बहुतेक माद्या अंडी घालून निघून जातात," सायली म्हणाली. "पिल्लं बाहेर आली की आपलं आपण खातात. आई भरवत नाही."

फुलाबाईंच्या हातात लिंबाची फोड तशीच, आणि महेशनं, तुम्हाला सांगतो, ती हळूच आईच्या हातातून घेतली आणि स्वतः पिळली.

झालं. पाहुणे चहा न घेता उठले. भाऊ म्हणाले, "अगं, एखादं वाक्य गिळायचंस की." तर म्हणते, "बाबा, खरं तेच सांगितलं." आता पोरगी खोटं बोलत नाही याचं कौतुक करावं की कपाळ बडवावं? भाऊंना त्या दिवशी घास गेला नाही.

पुढच्या आठवड्यात फुलाबाईंचा फोन. भाऊंनी उभं राहून घेतला. "काय करून ठेवलं तुमच्या पोरीनं? महेश आता ताट सोता वाढून घेतो, मला जवळ येऊ देत नाय."

"चुकलं तिचं," भाऊ म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. तिला द्या फोन. किचनात पालीचं शेपूट पडलंय, एकटंच वळवळतंय, पाल गेली पळून."

सायली बाहेर गेलेली. मग भाऊंनीच सांगितलं, काय करणार, पोरीचं ऐकून ऐकून पाठच झालेलं... "घाबरू नका, जीव वाचवायला टाकते ती शेपूट, नवं येतं."

तेव्हापासून रोज फोन. काल सरडा रंग का बदलतो, आज कासवाला दात असतात का... बाई विचारतात किती, आणि भाऊंनी सांगायचं किती? सगळं सांगून झालं की ते लग्नाचं विचारायला घसा खाकरतात, तोवर तिकडून फोन ठेवलेला असतो.