घरात दुसरं कुणी नाही

(चंदीगड, सेक्टर अडतीस. एका मजल्यावरची शेजारशेजारची दोन बिऱ्हाडं. पद्मिनीकाकूंच्या घरात, दुपारी.)

भार्गवी : ...म्हणून एवढंच लिहून द्या काकू, की शेजारची भार्गवी एकटीच राहते.

पद्मिनीकाकू : थांब, थांब. परीक्षा तू घरी बसून दिली, अन् कॉम्प्युटरनं चोरी पकडली?

भार्गवी : चोरी नाही हो! माझं ऑनलाइन एम.एस्सी. चालू आहे, हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये. पेशंटच्या नोंदी संगणकावर कशा ठेवायच्या, त्याचं शिक्षण. पेपरला कॅमेरा, माइक चालू ठेवावा लागतो. त्यात बोलण्याचा आवाज आला. ते म्हणतात, खोलीत कुणीतरी उत्तरं सांगत होतं. उद्यापर्यंत शेजाऱ्यांचं पत्र गेलं नाही तर पेपर रद्द. वर्ष वाया.

पद्मिनीकाकू : घरमालकाकडून घे ना.

भार्गवी : ते कॅनडात. आमचे कॅप्टनसाहेब बॉर्डरवर, त्यांचा फोन लागला तर लागला. इथं माझं नाव ठाऊक असलेल्या तुम्ही एकट्याच. तेही गणपतीत इथल्या मराठी मंडळात भेटलात म्हणून.

पद्मिनीकाकू : रागावू नको पोरी, पण खोटं नाही लिहिणार मी.

भार्गवी : खोटं?

पद्मिनीकाकू : आपली भिंत एकच आहे. रोज ऐकते मी. बाई बोलून राहिली, हसून राहिली. आई आली ना तुझी? का सासू?

भार्गवी : कुणी नाही आलं.

पद्मिनीकाकू : मंग कोणाशी बोलते?

भार्गवी : माझ्याशीच.

पद्मिनीकाकू : काहीतरीच!

भार्गवी : देवाशप्पथ. मीच विचारते, भाजी काय करू? मीच म्हणते, दोडका संपव तो एकदाचा. पेपरातही तेच झालं. प्रश्न अवघड आला अन् तोंडातून निघून गेलं, 'घाबरू नकोस गं, येतंय तुला.' इतकी सवय झालीय, माझं मलाच कळलं नाही. हसू नका.

पद्मिनीकाकू : हसत नाही वं.

भार्गवी : पार्सलवाल्याला 'थँक्यू भैया' म्हणते, तेवढंच काय ते माणसाशी बोलणं. वर्गातल्यांचे चेहरेसुद्धा पाहिलेले नाहीत, सगळ्यांचे कॅमेरे बंद. खूप एकटं वाटतं हो. आणि तुम्ही इतक्या जवळ, कधी बेल तरी वाजवलीत?

पद्मिनीकाकू : संक्रांतीला तिळगूळ घेऊन तुझ्या दारापर्यंत आली होती मी. आतून हसण्याचा आवाज आला. म्हटलं, घरात माणसं आहेत, आपण कशाला मधात? परत फिरली.

भार्गवी : ती मीच होते काकू.

पद्मिनीकाकू : ...दे तो पेन. काय लिहू?

भार्गवी : एकटी राहते. तिच्याकडे कुणी येत-जात नाही.

पद्मिनीकाकू : हात जड होते बापा असं लिहायला. घे, केली सही.

भार्गवी : फार उपकार झाले. निघते, तुमच्या कामाचा खोळंबा नको.

पद्मिनीकाकू : कसलं काम? बस. हे गेले तेव्हापासून मी दिवसभर टीव्ही लावून ठेवते. बघत नाही, नुसता बोलत असतो तो. तुला तिकडं वाटत असेल, काकूकडं पाहुणे आहेत.

भार्गवी : हो. मला तसंच वाटायचं.