बाहेरची कडी

(यवतमाळजवळ, लोहारा. गॅरेजवाल्या गुलाम नबींना लकवा मारून तीन महिने झाले. लकव्याच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. त्यातली सिस्टर ममता विचारपूस करायला घरी आली आहे. नबींची बायको जैनबबी जवळच बसली आहे.)

ममता : म्हणजे आंघोळ त्यांना स्वतः जमत नाही?

जैनबबी : मीच घालून देतो ना.

ममता : एकट्यांना करू दिली तर?

जैनबबी : काहून करू देऊ? पाय घसरला तर? कपडे मी घालतो, घास बी मीच भरवतो. अन् चहाचं विचारूच नका, निकाहापासून त्यायनं कधी चुलीले हात नाही लावला.

गुलाम नबी : सिस्टर... मी सांगू?

जैनबबी : तुमी बसा जी. जबान थकते.

ममता : बोलू द्या, भाभी. मदत लागते की नुसती मिळते, ते मला त्यांच्याकडून ऐकायचंय. 'लागते' लिहिलं, तर औषधानं काही फरक पडला नाही असं धरतील.

गुलाम नबी : बटनं... लावतो मी. ही झोपली का... खोलतो... लावतो.

जैनबबी : या अल्ला! मले नाही सांगतलं कधी.

गुलाम नबी : सांगतलं असतं... तर बटनाचे कुडतेच... बंद केले असते तू.

ममता : बाहेर फिरता का, चाचा?

गुलाम नबी : दाराले... बाहेरून कडी हाय.

ममता : भाभी?

जैनबबी : बाजारात गेली का लावतो. लिहा, काय लिहाचं ते. हे गॅरेजात गेले अन् पुन्हा पडले तर?

ममता : सोबत कोणी तर असेलच तिथं.

जैनबबी : लकवा मारला त्या दिवशी मी होती ना! डबा घेऊन गेलती. गाडीखालून पाय दिसत होते यायचे. मले वाटलं, काम करून राह्यले. डबा ठेवला अन् आली वापस. दुपार गेली, मंग कोणीतरी ओढून काढलं. आता सांगा, कशी उघडू कडी?

ममता : चाचा, दारापर्यंत चालून दाखवा. भाभी, तुम्ही बसूनच राहा. हात नका लावू.

जैनबबी : चप्पल तर घालून देऊ द्या.

गुलाम नबी : घातली... मी.

जैनबबी : उंबरठा पाहा जी. हळू.

गुलाम नबी : जैनब.

जैनबबी : काय?

गुलाम नबी : उद्या... डबा घेऊन येजो गॅरेजात. अन्... वाकून पाह्यजो.