माणशी एक डबी

अमेरिकेतल्या मोंटानामधल्या त्या बंदुकीच्या दुकानापुढच्या रांगेत वेड नावाचा तरुण सगळ्यांत शेवटी उभा होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता आणि त्याच्याकडे एकही गोळी नव्हती. त्याच्या पुढेच ड्वेन आणि म्हाताऱ्या व्हर्लाकाकू बोलत होते.

“कारखाने रात्रंदिवस चालतात म्हणे, काकू. मग गोळ्या जातात कुठे?”

“तुझ्या तळघरात.”

“अहो, मिळत नाहीत म्हणून साठवतो.”

“आणि तू साठवतोस म्हणून मिळत नाहीत.”

“तुम्ही तरी काय, दर मंगळवारी माल आला की हजर. नवरा गेल्यावर बंदूक विकलीत ना?”

“विकली.”

“मग गोळ्या भाजून खाता?”

“तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मीच या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि माल संपला. पुढच्या माणसानं स्वतःची गोळ्यांची डबी माझ्या हातात ठेवली आणि चालता झाला. नाव विचारायचंही राहिलं. एका हरणावर आमचा हिवाळा निघाला, बाबा.”

दुकान उघडलं. ड्वेनला डबी मिळाली, काकूंना मिळाली, आणि दुकानदारानं वेडला रिकामे हात दाखवले.

काकू मागे वळल्या.

“पोरा, ही तुझ्या बंदुकीला चालते का बघ.”

“चालते. पण काकू, तुमचे उपकार फेडू कसे?”

“मंगळवारी लवकर येऊन रांग धर. आणि तुझ्या मागचा रिकाम्या हाती राहिला, तर मागे वळ.”