सत्तेचाळीस गाठी

दि. ९, शनिवार, सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे.

मी, वय ६३ वर्षे, व्यवसाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केबल बांधणी, पाच वर्षांपूर्वी निवृत्त, राहणार बसथांब्यासमोरील इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघे राहतो. माझे पती, वय ६८ वर्षे, मालवाहू ट्रकवर एकोणतीस वर्षे ड्रायव्हर होते. मागील वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय अधू झाला. उजव्या कडेचे दिसणे कमी झाले. बोलणे जवळजवळ गेले. डॉक्टरांचे म्हणणे असे की, शब्द आत आहेत, बाहेर यायला वाट सापडत नाही. सात महिने ते खिडकीशी बसत. खिडकीतून बसथांबा दिसतो. त्या सात महिन्यांबद्दल या जबाबात काही लिहिण्याची गरज नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितले की, संगणकावर ट्रक चालवण्याचा खेळ असतो, त्याला खरे स्टिअरिंग जोडता येते. त्यावरून मी चौकातील संगणकाच्या दुकानात गेले. सदर दुकानदाराने विचारले, "कोणासाठी पाहिजे, आजी? नातवासाठी?" मी सांगितले, "नवऱ्यासाठी." तो हसला.

संगणकाचा प्रत्येक भाग मी स्वतः निवडला. दुकानात सहा वेळा गेले. सुरुवात पेडलांपासून केली, कारण पायाचा प्रश्न आधी सुटायला हवा होता. तीन पेडलांपैकी डावीकडचे क्लचचे असते, ते खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन मी अ‍ॅक्सिलरेटर केले. गिअर आपोआप पडतील असे ठेवले. त्यावरून माझे पती दोन दिवस रुसले होते. स्टिअरिंग हलके घेतले. जड स्टिअरिंग हाताला हिसका देते. ते डाव्या हाताने पूर्ण फिरावे म्हणून त्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेली मूठ बसवली. मॉनिटर रुंद घेतला आणि टेबलाच्या मधोमध न ठेवता डावीकडे सरकवून ठेवला. प्रोसेसर मधल्या प्रतीचा घेतला. सगळ्यात वरचा घ्या, असे दुकानदार म्हणाला. एका वेळी एकच ट्रक चालवायचा आहे, असे मी त्याला सांगितले.

ग्राफिक्स कार्ड मात्र वरच्या प्रतीचे घेतले. याचे कारण आरसे. खेळात समोरचा रस्ता एक आणि आरसे तीन असतात. प्रत्येक आरशात मागचे वेगळे चित्र सतत काढावे लागते आणि ते काम हे कार्ड करते. कमी प्रतीचे कार्ड घ्या आणि आरसे बंद ठेवा, असे दुकानदाराने सुचवले. माझे पती त्या दिवशी बरोबर नव्हते. घरी येऊन मी त्यांना विचारले, "अहो, आरसे बंद ठेवले तर चालेल का?" त्यांनी डाव्या हाताने टेबलावर जोरात थाप मारली. दुसऱ्या दिवशी मी वरचे कार्ड घेतले व त्याला पुरेल असा मोठा पॉवर सप्लाय घेतला.

दुकानदाराने रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचे झाकण असलेले कॅबिनेट दाखवले. मी दिवे नाकारले. पंखे आवाज न करणारे घेतले. कॅबिनेट तेच, पण पत्र्याच्या झाकणाचे घेतले. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवले होते की, तारा कोणी बघणार नाही तिथेही नीट बांधायच्या आणि बांधल्यावर झाकायच्या.

जोडणी मी घरी केली. पॉवर सप्लायच्या तारा त्याच्यातून कायमच्या निघालेल्या असतात, वेगळ्या होत नाहीत. त्यांची एक जुडी करून मी ती मेणाच्या धाग्याने बांधली. एक्स्चेंजमध्ये मी छत्तीस वर्षे हेच काम केले. दर अर्ध्या बोटावर एक गाठ येते. मी डावखुरी असल्याने माझी गाठ इतरांच्या उलट्या बाजूला कलते. त्यावरून सुपरवायझर बाई मला पहिली दोन वर्षे बोलल्या. नंतर बोलणे थांबले, कारण माझी जुडी सुटल्याची तक्रार आली नाही. या जुडीत सत्तेचाळीस गाठी आहेत. एकतिसाव्या गाठीशी धागा नव्याने जोडलेला आहे, कारण तेवढ्यात मला धागा कापून आतल्या खोलीत जावे लागले. का जावे लागले ते लिहू नये.

माझ्या नणंदबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, याच रस्त्यावर राहतात. त्या संगणक बघायला आल्या व म्हणाल्या, "वहिनी, दादाला म्हातारपणी खेळणं आणलंस वाटतं." मी माझ्या पतींना खुर्चीत बसवले. त्यांनी मूठ धरली. आधी तिन्ही आरसे बघितले, मग गाडी काढली. मालाचे आवार सोडून रस्त्याला लागेपर्यंत अकरा मिनिटे लागली. रस्त्याला लागल्यावर ते माझ्याकडे न बघता एक वाक्य बोलले. सात महिन्यांतले ते पहिले पूर्ण वाक्य. नणंदबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या व बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. वाक्य काय होते त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

त्यानंतर सहा महिने ते रोज दुपारी चार ते सहा गाडी चालवत असत. बोलणे वाढले. 'घाट', 'ब्रेक', 'गाढवा, दिवा दे' असे शब्द आले. शेवटचे समोरच्या गाडीला उद्देशून होते.

सोमवार दि. ४ रोजी एका पंख्याचा घासल्यासारखा आवाज येऊ लागला म्हणून मी संगणक सदर दुकानात पंखा बदलण्यासाठी व साफसफाईसाठी दिला. गुरुवार दि. ७ रोजी दुपारी तो परत मिळाला. चार वाजता माझे पती बसले. चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "आरसा." मी पाहिले. आरशातले चित्र अडखळत होते, मागची बस उड्या मारत येत होती. त्यांनी इंजिन बंद केले व खिडकीशी जाऊन बसले.

मी कॅबिनेट उघडले. पॉवर सप्लाय लहान होता. कार्ड आकाराने तसेच, परंतु दुसरे होते. माझी जुडी नव्हती. तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. कार्डाच्या डब्यावर त्याचा क्रमांक असतो, परंतु तो डबा मी रद्दीत दिला होता. ही माझी चूक आहे.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच मी गेले. आमचे बोलणे खालीलप्रमाणे झाले.

दुकानदार म्हणाला, "आजी, मशीन जुनं झालं की दमतं. माणसासारखंच."

"सहा महिन्यांत?"

"कार्ड तुमचंच आहे हो. तो दोरा साफसफाईत तुटला, टाकून दिला. पट्ट्या लावल्यात, उलट काम पक्कं झालं."

"सत्तेचाळीस गाठी एकदम तुटल्या?"

"आता गाठी मोजत बसू का मी?" असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाताना मला ऐकू येईल असे म्हणाला, "घरी बसून स्वेटर विणायचं सोडून."

मी बाहेर आले. दुकानाच्या दर्शनी काचेत एक नवा संगणक विक्रीला मांडलेला होता. कॅबिनेट माझ्यासारखेच, परंतु काचेच्या झाकणाचे. आत लाल दिवे होते. त्या उजेडात तारांची एक जुडी खालून वर कार्डापर्यंत गेलेली दिसली. गाठी डावीकडे कललेल्या होत्या. बाहेर उभी राहून मी एकतिसाव्या गाठीपर्यंत मोजल्या. तिथे धागा जोडलेला होता.

मी आत गेले नाही. घरी जाऊन नणंदबाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "तू उद्या बाहेर थांब, वहिनी. तुझा चेहरा बघितला की तो गप्प बसेल. मला त्याला बोलतं करायचंय. पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

आज शनिवार, सकाळी साडेदहा वाजता नणंदबाई गिऱ्हाईक म्हणून दुकानात गेल्या. मी दाराशी उभी होते व सर्व ऐकत होते. त्यांनी दर्शनी संगणकाची चौकशी केली व नाक मुरडून म्हणाल्या, "बाहेरून छान असतात हो हे. आत तारांचं जंजाळ."

दुकानदार म्हणाला, "जंजाळ? मावशी, जरा वाकून बघा. हाताने बांधलंय. एकेक गाठ बघा. अहो, असं काम करणारं या शहरात दुसरं कोणी नाही."

मी आत जाऊन म्हणाले, "खरं आहे. दुसरं कोणी नाही."

दुकानात आणखी चार गिऱ्हाइके होती. नणंदबाई म्हणाल्या, "ओळख करून देते. ज्यांचं कौतुक चाललंय, त्या ह्याच." त्यानंतर मी दुकानातूनच पोलीस ठाण्यास फोन केला. हवालदार वीस मिनिटांत आले. त्यांनी दुकानातला तो व आमच्या घरचा, असे दोन्ही संगणक ठाण्यात आणले.

ठाण्यात दुकानदाराने सांगितले की, ही बांधणी त्याच्या कारागिराची आहे. ठाण्याच्या साहेबांनी कारागिराला बोलवण्यास सांगितले. तो बाहेरगावी गेला आहे, असे उत्तर मिळाले. साहेब म्हणाले, "मग तुम्ही बांधून दाखवा. तुमच्या दुकानातलंच काम आहे ना?" दुकानदाराने खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली व ती परत खिशात ठेवली.

काचेचे झाकण अजून लावलेलेच होते. उघडण्यापूर्वी मी आत काय सापडेल ते सांगितले व हवालदारांनी लिहून घेतले. गाठी सत्तेचाळीस, सर्व डावीकडे कललेल्या. एकतिसावीशी जोड. शेवटच्या गाठीनंतर धागा तीन वेढे मागे घेऊन जुडीत दडवलेला. झाकण काढून हवालदारांनी मोजले. एकदा शेहेचाळीस आल्या. पुन्हा मोजल्या, सत्तेचाळीस आल्या. शेवटचे टोक त्यांना सापडेना, ते मी दाखवले.

साहेबांनी मला गाठी मारून दाखवण्यास सांगितले. मेणाचा धागा नसल्याने फायली बांधण्याची दोरी घेतली व हवालदारांच्या टेबलाखालच्या तारा बांधल्या. तिथे संगणकाच्या, फोनच्या व पंख्याच्या तारा एकात एक अडकलेल्या होत्या आणि आत एक चमचा होता. बावीस गाठी झाल्या. चमचा हवालदारांचा निघाला. दोन्ही जुड्या साहेबांनी शेजारी शेजारी पाहिल्या व दुकानदाराला पाहायला लावल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, बांधणी इतकी चांगली होती की सोडवायला हात धजला नाही. आहे तशी बसवली." हे वाक्य त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या जबाबातही आले आहे. या एका बाबतीत त्याने मला योग्य तो मान दिला, असे मी नमूद करते.

आरशांबाबत माझ्या पतींचे म्हणणे घेणे आवश्यक होते. हवालदार घरी जाऊन त्यांचे म्हणणे लिहून घेतील, असे साहेब म्हणाले. नणंदबाई हे सांगायला आमच्या घरी गेल्या. पाऊण तासाने त्या माझ्या पतींना घेऊन आल्या. आमच्या इमारतीला दुसऱ्या मजल्यापर्यंत अडतीस पायऱ्या आहेत. झटक्यानंतर दवाखान्यासाठी त्यांना दर वेळी खुर्चीतून उचलून न्यावे लागे. आज ते कठडा धरून स्वतःच्या पायांनी उतरले. स्टिअरिंग नणंदबाईंच्या काखेत व पेडले पिशवीत होती. त्या म्हणाल्या, "मी नुसतं सांगितलं, चोर सापडला. दादा बूट मागायला लागला."

माझे कार्ड, सप्लाय व जुडी माझ्या कॅबिनेटमध्ये मी सर्वांसमोर बसवली. स्टिअरिंग हवालदारांच्या टेबलाला आवळले, पेडले खाली ठेवली व मॉनिटर ठाण्याचाच जोडला. माझ्या पतींनी गाडी काढली. ड्यूटीवरचे पाच जण मागे उभे होते. घाटात एका शिपायाने "काका, सावकाश" असे म्हटले, त्याला माझ्या पतींनी हाताने गप्प केले. घाट उतरून त्यांनी तिन्ही आरसे पाहिले. साहेबांनी विचारले, "काय म्हणणं आहे तुमचं?" ते म्हणाले, "आरसा बरोबर. गाडी माझी." हे त्यांचे म्हणणे म्हणून स्वतंत्र नोंदवले आहे.

त्यानंतर दुकानदाराने कार्ड व सप्लाय बदलल्याचे कबूल केले. माझी त्याच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. संगणक आजच हमीपत्रावर माझ्या ताब्यात मिळत आहे. खटला संपेपर्यंत जुडीचा धागा पुरावा म्हणून सोडायचा नाही, असे मला बजावले आहे. मला मान्य आहे. सोडण्यासाठी मी तो बांधलेला नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एक चूक आढळली. मालाच्या वर्णनात 'उपयोग' या रकान्यात 'करमणूक' असे टंकलेले होते. ते मी खोडायला सांगितले. मग काय लिहू, असे त्यांनी विचारले. तेव्हा पहिल्या दिवशी रस्त्याला लागल्यावर माझे पती जे बोलले आणि जे मी वर सांगितले नव्हते, ते आता सांगते. ते म्हणाले, "बस, एक्स्चेंजला सोडतो तुला."

रकान्यात आता 'वाहतूक' असे लिहिले आहे. दुरुस्तीसह जबाब पुन्हा ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खरा आहे. खाली सही डाव्या हाताने केली आहे.